सैल बांगड्या

न्हाई न्हाई, त्या नको — एक माप मोठ्या काढ, सिंधु. सैल पाहिजेत. हसतेस काय? माहीत हाय मला, कासारणीची तारीफ घट्ट बांगडीत असती — पण मला सैलच दे. हिरव्या, काचेच्या, दोन्ही हात भरून. बुद्धप्रिया आत तोंड धुऊन राहिली, येईल आत्ता.

कितवा महिना? तिसरा. हाव, पाचव्यात नाहीतर सातव्यात भरतेत, माझी नात हाय ती, मला रीत शिकवू नको. — बरं, ऐक. ती यायच्या आत ऐक, मग तिच्यापुढं तोंड उघडायचं न्हाई. उद्या सकाळी तिला लातूरला न्यायलोत. पोट रिकामं करायला. डॉक्टरीण म्हणाली, मूल ठेवलं तर आई राहील याचा भरोसा न्हाई.

जन्मापासून पोरीच्या काळजाला भोक होतं, ते आत्ता कळलं. जिना चढली की ओठ निळे — सगळे म्हणायचे रक्त कमी हाय, गूळ-शेंगदाणे चारा. रक्त कमी? त्या भोकातून फुफ्फुसात रक्ताचा लोंढा चालला होता! मी शाळेचं तोंड पाहिलं न्हाई, हिच्याच पाटीवर अक्षरं जोडली, पण डॉक्टरणीला सोडलं न्हाई — चित्र काढून दाखव म्हणलं. फुफ्फुसातल्या रक्ताच्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतंय, एकीला एक चिकटून बसलेल्या. हवा असली की त्या नळीला सैल सोडतेत, हवा कमी पडली की आवळतेत. बाकी अंगात उलटं — तिथं हवा कमी पडली की नळ्या पसरतेत. फुफ्फुसच तेवढं आवळतंय. काऊन? जिथं हवाच न्हाई तिथं रक्त कशाला धाडायचं! अक्कल हाय त्यांना. पण वरसानुवरस रक्ताचा धक्काच बसला तर काय करतील बिचाऱ्या? तुझा अंगठा बघ — बांगड्या सारून सारून घट्टा पडला ना? तसाच घट्टा, पण नळीच्या आतून. भिंत जाड, वाट बारीक. त्यांनी आपली नळी वाचवली, आन् काळीज त्या बारीक वाटेत रक्त रेटून रेटून थकलं. आता भोकही बुजवता येईना म्हणतेत. त्याच्यावर अजून एका जिवाचा भार घालायचा?

न्हाई, मी न्हाई ठरवलं. तिनंच. रविकांत — नवरा तिचा — रडला, ती न्हाई. एवढंच म्हणली, आजी, एक दिवस हात भरून बघू दे. उद्या दवाखान्यात काढा म्हणतीलच. म्हणून सैल. साबण न लावता, न तडकता, एकेक निघाली पाहिजे. फोडू देणार न्हाई मी कुणाला.

मला काय वाटायचंय? पोर जगली पाहिजे, बस. मी काय त्या जिवाची वाट बघत बसले नव्हते — कुंची शिवली एक, जुन्या लुगड्याची, ते काय, हाताला चाळा म्हणून. झालर राहिली लावायची... तू डोळे पूस आधी. धंद्याला आलीस का रडायला?

आन् हात भरला की तू वर एक देतेस ना, बाळाच्या नावानं? तिला देऊ नको. विसरल्यावानी कर. मला दे. हाव, मला. रामकिशन गेल्यापासून मोकळा हाय हा हात — विहारात बायकांपुढं मीच भाषण ठोकते, विधवेचे रिवाज मोडा म्हणून, आन् स्वतःच्या हातात कधी एक घातली न्हाई. घाल आता. ती नको, लहान काढ, सगळ्यात लहान. रेट. हाड म्हातारं हाय, मोडत न्हाई. दुखू दे. ही काढायची न्हाई.

— आली. ये माय, बस अशी उजेडात. सिंधु, काढ त्या हिरव्या. आन् तोंड बंद.