बुडालेल्या माणसाची विहीर

सिरसाळ्याच्या पलीकडं आमचं गाव. गावच्या विहिरीवर आमच्या बौद्धवाड्याला चढायची मनाई, कुणी वरून वाढंल तवा खाली घागर धरायची. म्हणून काय सांगू पोरी तुला, पोहायला मी शिकलो ते नेव्हीत गेल्यावर.

विनाशिकेवर, म्हंजी लढाईच्या बोटीवर, स्टोकर होतो, बोटीच्या पोटात, बॉयलरपाशी. जुनी बोट, लई तापायची. पण गोडं पाणी सगळ्यांना एकाच टाकीतलं, आन माझा जोडीदार मॅथ्यू, केरळचा, माझा उष्टा पाण्याचा मग सरळ तोंडाला लावायचा. पयल्यांदा लावला तवा मला रडू आलतं.

मग लढाई लागली. माझी पाळी सुटली, मॅथ्यू खाली उतरला, मी वर हवा खायला आलो, आन टॉर्पेडो बसला. बोट कलली. खालून माणसं जिन्यावरचं लोखंडी झाकण ठोकत होती, मी ओढलं, लई ओढलं, न्हाई उघडलं. दुसऱ्या दिवशी मला मच्छीमारांनी समुद्रातून काढलं, महिनाभर दवाखान्यात स्वतःचं नाव सांगता येईना.

तवर घरी तार गेलती, पोराचा पत्ता न्हाई. दुष्काळ चालू, आई खडी फोडायला. सोसायटीच्या चेअरमननं शोकसभा घेतली, अर्जावर आईचा अंगठा घेतला, शहिदाच्या नावानं विहीर मागितली. मी नेव्हीला कळवायच्या आधीच काठी टेकत घरी आलो तर त्यानं जन्मात पयल्यांदा मला मिठी मारली, आन कानात म्हणला, किसन, दोन महिने परळीला पाहुण्याकडं ऱ्हा, मंजुरी येऊ दे. मी म्हणलं, माझ्या आईला विहिरीवर चढू देताल का? म्हणला, अबे, तुझ्या नावाची विहीर, कोण अडवील? मी गेलो. मेल्यावानी लपून ऱ्हायलो.

पाणी लागलं, दगडावर माझं नाव कोरलं. आई घागर घेऊन गेली तर चेअरमनची बायको म्हणली, म्हातारे, तिथंच थांब, वाढते. आईनं रिकामी घागर माघारी आणली. मी त्याला इचारलं, कावून असं केलं? तर हसून म्हणला, तू जित्ता हाय हे वर कळवू का? लपला तर तूच होतास.

आई मरंस्तवर ते पाणी प्यायली न्हाई.

आता बोअर झाले, त्या विहिरीत कुणी डोकावत न्हाई. पण दरवर्षी झेंड्याच्या दिवशी दगडाला हार घालत्यात, मला बी बोलावत्यात. मी जातो. हात जोडतो आन मनात मॅथ्यूचं नाव घेतो, त्याचं इथं कुणी कोरलं न्हाई. सुखी ऱ्हा पोरी. झालं का लिहून? मग पाणी पी. माठ तिथं हाय, आपल्या हातानं घे.