मेन बोर्डावरचं गाळणं

फिरकीच्या तांब्याचं झाकण करकरत उघडलं आणि सांगलीच्या त्या गप्प दवाखान्यात शेजारच्या बाकावर हाताला पट्टी बांधलेल्या मुलीच्या आईचं आणि दुसऱ्या एका बाईचं बोलणं सुरू झालं. माझं बाळ मांडीवर झोपलं होतं.

“राजमतीवैनी, ब्राह्मीचा हात बरा झाला की!”

“व्हय, आज पट्टी निघंल. पान्यातले जीव मरू नयेत म्हणून पानी गाळायचं, अन् ओलं गाळणं मेन बोर्डावर वाळत टाकायचं. हिनं ते ओढलं, शॉक बसला, हात भाजला.”

“आवं, बोर्ड हाय का दोरी?”

“न्हाणीजवळच होता, हाताला सोपा. आता वायरमननं नवा बोर्ड पुढच्या सोप्यात उंच बसवलाय. लय दिसांनी निवांत झोपले बघ.”

“अन् गाळणं?”

“अंगणात, दोरीवर!”

दोघी हसल्या.

“आई, गाळण्यातल्या जिवांनाबी शॉक बसला असंल?” ब्राह्मीनं विचारलं.