टेकचंदचा गुडघा

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील अधिकारी मंडळी, आजचे सत्कारमूर्ती विष्णुपंत आणि माझ्या अंबरनाथकर कामगार बंधू-भगिनींनो,

विष्णुपंत आज निवृत्त होताहेत. नऊ वर्षं ते आपल्या कारखान्याच्या फुटबॉल संघाचे चिटणीस. त्यांच्या संघात मी, हरिचंद्र, सहा वर्षं बचावाला खेळलो, म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. चांगलं बोल, असंही बजावलं. त्यांनी मला नोकरी लावली, हे खरं. माझ्या बायकोच्या, वेणूच्या बाळंतपणात टांगा पाठवला, हेही खरं. ते मी कसं नाकारू?

पण त्रेपन्न सालचा अंतिम सामना आठवतो ना? समोर उल्हासनगरचा संघ. त्यांचा टेकचंद आपल्याला आवरत नव्हता. सिंध सोडून निर्वासितांच्या कॅम्पात आलेला माणूस. खेळतो म्हणूनच एका गिरणीनं त्याला कामावर ठेवलेलं. मध्यंतरात विष्णुपंतांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हरिचंद्र, तो पुन्हा उभा राहता कामा नये. वीस रुपये देतो."

मी हसलो. मंडळी, हसलो मी! आणि दहा मिनिटांत त्याच्या गुडघ्यावर बूट घातला. टेकचंदनं शिवी दिली नाही. पडल्या पडल्या एवढंच म्हणाला, "गेंद तो उधर थी, भाई."

ढाल आपण जिंकलो. पुढे चौकशी झाली. विष्णुपंतांनी मजकूर सांगितला, मी लिहून दिला: टेकचंद ओल्या मैदानावर आपला आपणच घसरला. आरोप सिद्ध झाला नाही, आणि टेकचंदला गिरणीनं काढून टाकलं. लंगडा खेळाडू त्यांना तरी कशाला हवा?

गेल्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो. तो वेताच्या खुर्च्या विणत बसला होता. नाव सांगितलं, तर म्हणाला, "पहचाना. बैठो." बायकोला चहा टाकायला सांगितला. मी सगळं सांगून टाकलं, वीस रुपयांचंसुद्धा. त्याचे हात थांबले.

"बस, बीस?" एवढंच विचारलं त्यानं.

मी चहा तसाच ठेवून उठलो.

विष्णुपंत, बसा. माझं संपत आलंय. हा माझा नवा जबाब, सहीनिशी. पहिला खोटा होता. अध्यक्ष महाराज, तो मी आपल्या हाती देतो. उद्या मला कामावरून काढलंत तरी तक्रार नाही.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी बोलू नये ते बोललो. सभेनं मोठ्या मनानं सांभाळून घ्यावं. विष्णुपंतांकडून मात्र मला क्षमा नको.