आईच्या वयाचे टोल

माझं माहेर साताऱ्याकडचं, कोरेगावजवळ, सासर पुण्याचं, पण खरं सांगायचं तर आयुष्य गेलं ते इथंच, नॉटिंगहॅमच्या बाजूला. हे हॉस्पिटलात डॉक्टर आणि मी तिथंच रेकॉर्ड्समध्ये. काम काय, तर पेशंटचं नाव विचारायचं, डेट ऑफ बर्थ विचारायची आणि फाइल काढायची. वीस वर्षं दुसरं केलं काय मी!

घराला लागून चर्च, आणि त्यातली घंटा तीनशे वर्षांची. यांची नाइट ड्यूटी असायची आणि रविवारी सकाळी ही घणघण, मग एकदा हे तावातावानं गेले भांडायला, आणि चहा पिऊन परत आले. घंटा सांभाळणारा जॉर्ज, खाणीतून रिटायर झालेला म्हातारा, एकटा. पारव्यांची घाण काढायचा, दोर तपासायचा, घंटेच्या काठावरची अक्षरं दाताच्या ब्रशनं घासायचा. पुढं पुढं शनिवारी मीही थालीपीठ आणि फडकं घेऊन जायला लागले. हे म्हणायचे, अगं, घरातले देव घासायला तुला वेळ नसतो. नसायचाच, खोटं कशाला बोलू?

मग चर्चमध्ये माणसं येईनाशी झाली. चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, चर्च बंद करायचं ठरलं आणि घंटा अमेरिकेतल्या एका चर्चनं मागितली. जॉर्ज म्हणाला, इथं वितळवण्यापेक्षा बरं, तिकडं वाजेल तरी. म्हणाला असं, पण त्याचं तोंड बघवत नव्हतं. सोमवारी घंटा उतरवायची, आणि शनिवारी दादाचा फोन आला, आई गेली. मी म्हटलं, निघते. तर म्हणाला, आता येऊन काय करणार, सगळं आटोपलं. सात वर्षं गेले नव्हते हो मी. पुढच्या उन्हाळ्यात येते, पुढच्या उन्हाळ्यात, असंच चाललेलं.

रविवारी जॉर्ज दारात. चल, म्हणाला, शेवटचा दोर तू ओढ, आईसाठी. मी म्हटलं, नाही रे बाबा, मला सुतक आहे, तीन दिवस देवाच्या घंटेला हात लावायचा नाही. तो म्हणाला, आमच्यात माणूस गेलं की घंटा वाजवतात, जितकं वय तितके टोल. मग मी वाजवतो, तू वय सांग.

काय सांगू तुम्हाला, मला वय माहीत नव्हतं. दादाला फोन लावला, तर तो म्हणाला, असेल सत्तर-बहात्तर, लिहून कुणी ठेवलंय? अख्ख्या गावाच्या जन्मतारखा विचारत बसले मी, आणि आईला कधी विचारलीच नाही. लाज वाटली, फार लाज वाटली मला.

जॉर्ज म्हणाला, असू दे, तू चर्चच्या दारापाशी उभी राहा, पुरे झालं की हात वर कर. टोल पडायला लागले. मी मोजत होते. सत्तर झाले, बहात्तर झाले, हात वर जाईना. हात वर केला की आई संपली, असं वाटायला लागलं. ऐंशी झाले, नव्वद झाले, म्हातारा घामानं निथळतोय, माझ्याकडं बघतोय आणि ओढतोय. शेवटी यांनीच येऊन माझा हात धरून वर केला.

सोमवारी क्रेन आली, घंटा गेली. नंतर तिकडून फोटो आला, नीट ठेवलीय त्यांनी. सांभाळोत बिचारे, सुखी राहोत. जॉर्ज या मार्चमध्ये गेला. त्याचं वय मी आधीच विचारून ठेवलं होतं, अठ्ठ्याहत्तर. पण आता वाजवायला घंटा कुठाय?