जोशीकाकांची मिशी आणि गिनी कोंबडी

ऐका ना यार. आमच्या फरीदाबादच्या जोशीकाकांनी भर पार्टीत पैज लावली, "ह्या गिनी कोंबडीला अंड्यांवर बसवून पिल्लं काढतो, नाहीतर मिशी काढतो." परदेशी कंपनीत मॅनेजर झाल्यापासून काका गोल्फ खेळायचे आणि कोंबडीलाही टार्गेट द्यायचे. ही कोंबडी उंच गवतात लपूनच बसते, म्हणून त्यांनी अख्खं लॉन वाढू दिलं. बसली बाबा एकदाची. महिना उलटला तरी पिल्लू नाही. काकांनी तिच्याखाली हात घातला, तर त्यांचेच गोल्फचे बॉल निघाले.

त्यांनी सरळ माझा कान धरला. "नालायका, तूच ना?"

"काका, ह्या वेळी खरंच मी नाही."

काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, सोडा त्याला. मी ठेवले. ती मिशी मला लग्नापासून आवडत नाही."