रंगाची सलाईन

माहा जन्म तिवश्याजवळच्या खेड्यातला, अन् आमच्या घरात उजळ मानूस म्हनून एक नाई, बाप काळा, माय काळी, भाऊ तर असा का दिवेलागनीले अंगनात बसला तर खोकलल्याशिवाय समजे नाई, पन बाप्पा, त्याचं कोनाले काई वाटे नाई. मले पाहाले आले तवा सासूनं माहे हात घेतले, तळवे दाबून पाहिले, म्हने पोरगी कामाची हाये, झालं, पक्कं. अशी मी शेंदूरजनाघाटले आली अन् तवापासून संत्र्यातच हाये. झाडावरचा माल येते, आमी बाया ओळीनं बसतो, लहान-मोठा निवडतो, डागी बाजूले काढतो, पेट्या भरतो. वरून हिरवा दिसनारा संत्रा कधी कधी साखरेवानी गोड निघते, हे आमाले सगळ्याईले माहीत हाये, पन पेटीत वरच्या थराले त्याले कोनी ठेवत नाई, मालक ओरडते. जाऊ द्या, मी कुठच्या कुठं गेली, तुमी वैशूचं इचारून राहिल्या ताई.

वैशू माही एकुलती एक. ती शाळेत होती तवाच तिचा बाप गेला. रंगानं माह्यावर गेली, पन नाक-डोळे असे का काय सांगू तुमाले, अन् बोलनं तर त्याहून गोड. अमरावतीले शिकली, तिथंच मोबाईलच्या दुकानात कामाले लागली, एक वस्तू घ्याले आलेला गिऱ्हाईक दोन घेऊन जाये. मंग पाहाले येनं सुरू झालं. पाहुने येत, पोहे खात, चहा पेत, कळवतो म्हनत, अन् कळवे कोनी नाई. एक डाव तेल्हाऱ्याचे पाहुने आलते, त्यातली एक आत्या पोह्याची पिलेट खाली ठेवून सगळ्याईसमोर म्हने, पोरगी चांगली हाये वं, पन फोटोतली दुसरी होती का? सारे हासले. वैशू पन हासली. मंग आत जाऊन पोह्याची कढई घासत बसली, लय वेळ घासत बसली, बूड पांढरं होईस्तोवर.

त्याच्यानंतर एक दिवस म्हने, आई, मी सलाईन घ्याले जाऊन राहिली, चालतं का संगं? आता आमच्याकडची गोष्ट सांगू का ताई, आमच्याकडं सलाईन म्हनजे अमृत. ताप आला, कंबर धरली, निंदनात चक्कर आली, का आमी सोताच डॉक्टरले म्हनतो, साहेब, एक सलाईन लावून द्या. नुसत्या गोळ्या देऊन वापस पाठवते त्याले आमी डॉक्टरच म्हनत नाई. मले वाटलं पोट्टी थकली असन, बरं झालं, ताकद येईन. मी तर खुश. गेलो दोघी अमरावतीत. काचेचं दार, आत थंडगार, भिंतीवर गोऱ्या बाईचा मोठा फोटो. वैशू खुर्चीत, बाही पार वर सरकवलेली, कोपराच्या आतल्या बाजूले सुई, वर बाटली. मी बाजूले बसून थेंब पाहून राहिली, अन् पांढऱ्या कोटातल्या पोरीले म्हनलं, बाई, हिची झाली का मलेही एक लाव वं, कंबर लय दुखून राहिली. ती पोरगी हासू हासू बेजार. म्हने काकू, ही कमरेची नाई, गोरं व्हायची हाये. वैशूनं तोंड भिंतीकडं केलं. तवा मले समजलं.

मी म्हनलं काहून वं, शिरेतून रंग भरते का कोनी? तर म्हने आई, तुले काई समजत नाई, तू चूप बस. बसली चूप. तिच्या बाटल्या चालू राहिल्या, अन् खोटं काहून बोलू, रंग उजळला. अकोल्याचे पाहुने आले, पहिल्याच फेरीत पसंत. ईनबाई, म्हनजे वैशूची सासू, म्हने, आमाले निमगोरी पाहिजे होती, देवानं बरोब्बर दिली. लग्न झालं, अन् बाटली बंद झाली. जवाई चांगला हाये, पन त्याले हे माहीत नाई, तिथं कोनालेच माहीत नाई. मंग रंग उतरू लागला. उतरला म्हनजे काय, जो होता तो घरी वापस आला. ईनबाई आधी म्हने, अकोल्याचं ऊन लागलं, गच्चीवर जाऊ नको. मंग बेसन, मंग दही, मंग काय काय लेप. अन् मंग एक दिवस मलेच फोन, ईनबाई, राग नका मानू, पन आमी पाहिली होती ते पोरगी हेच हाये ना? तेल्हाऱ्याच्या आत्यानं फोटोवर संशय घेतला होता, हिनं जित्या मानसावर घेतला.

मंग वैशूले दिवस राहिले. ईनबाई रोज केसर-दूध पाजते, नातू गोरा पाहिजे म्हने. अन् सातव्याचं डोहाळजेवन ठरवलं, सगळं गनगोत बोलावलं, फोटोवाला सांगतला. तर वैशूचा मले फोन, आई, मी तुले भेटाच्या नावानं अमरावतीले येऊन राहिली, एखाद-दोन बाटल्या घेते, डोहाळजेवनापुरत्या, फोटोत सगळे पाहातीन वं. माय वं! मी हातातला संत्रा तसाच टाकला अन् दवाखान्यात डॉक्टरीनबाईकडं गेली. त्या म्हने, मावशी, अजिबात नाई. त्या बाटलीत काय असते ते खात्रीनं कोनी सांगत नाई, पोरीच्या किडनीले बाधू शकते, अन् पोटातल्याचं तर कोनीच काई सांगू शकत नाई.

तेच मी वैशूले अमरावतीच्या यष्टी स्टँडवर सांगतलं. म्हने, मंग त्या डॉक्टरीनीले म्हन, माह्या सासूसमोर येऊन उभ्या राहा. ते पोट घेऊन भरभर चालते, मी मागून. गेली काचेच्या दारात. ती कोटातली पोरगी पोट पाहून थबकली, मंग म्हने, तसं काई होत नाई, पन तुमच्या जबाबदारीवर. वैशू खुर्चीकडं वळली, अन् मले काय सुचलं ताई, मीच तिच्या आधी खुर्चीत बसली, बाही वर केली, म्हनलं, पहिले मले लाव. माह्या अंगाले काय होते ते पाहू, मंग तिले लाव. पोरगी घाबरली. म्हने काकू, तुमाले नाई लावता येत, या वयात बीपी असते, शुगर असते, काई झालं तर? म्हनलं, मले बुढीले चालत नाई अन् पोटातल्याले चालते का?

वैशू तिथंच खाली फरशीवर बसली. म्हने आई, तू मले अशी काहून जन्माले घातली? तिले उठवलं, बाहेर आनलं, रसवंतीत बसवलं. रस घेतला नाई तिनं. अकोल्याच्या गाडीत बसवली तर खिडकीतून पाहिलं पन नाई.

आता तवापासून झोप नाई. फोन केला तर जेवली म्हनते, बरी हाये म्हनते, ठेवून देते. गेल्या आठवड्यात व्हिडिओवर दिसली, चेहरा मले उजळ वाटला. का उजेडच तसा होता, का माहेच डोळे, देव जाने. पन अकोल्यात एवढं ऊन, पंख्याखाली घाम निघून राहिला, अन् पोट्टीनं मनगटापर्यंत बाहीचा कुर्ता घातलेला. म्हनलं वैशू, बाही तर वर कर, किती उकडते. म्हने रेंज नाई आई, अन् कट केला. अकोल्यात काय अशी दुकानं नसतीन? जवायाले सांगू म्हनते, तर तिचा संसार मोडन. नाई सांगू, तर काय काय मोडन, मले नाव घेववत नाई.

परवा डोहाळजेवन हाये. हिरवं लुगडं घेतलं, हिरवा चुडा घेतला. ईनबाई म्हने कासारीन बोलावली हाये, मी म्हनलं नाई, सातव्यातल्या बांगड्या मायनंच भराच्या असतात, आमच्याकडं तशी रीत हाये. अशी काई रीत नाई ताई, मीच काढली. पन बांगडी भराची म्हनजे हात माह्या हातात द्याच लागन, बाही सरकवाच लागन, अन् सगळ्या बायाईच्या समोर तिले नाई म्हनता येनार नाई. कोपराच्या आत सुईचं निशान नसलं, तर तिथंच तिच्या पाया पडीन. असलं, तर... तर तशीच गाडीत घालून डॉक्टरीनबाईकडं नेईन, मंग फोटोवाला राहो का जावो.

तुमी एवढ्या दुरून आल्या, एक आशीर्वाद द्या माह्या पोरीले. लेकरू काळं येवो, माह्यासारखं कुळकुळीत येवो, पन रडत येवो.