बारा बोर्ड, अकरा दरवाजे

...आणि मग मला विचारतो, "तुमच्या भावाने कानात कापसाचे बोळे घातले होते का?" तुम्हाला सांगतो, माणूस गर्दीत चिरडून गेलाय, आणि हा सुरक्षावाला साहेब फॉर्मवर पेन टेकवून विचारतोय, कानात बोळे होते का! म्हटलं, नव्हते. लगेच खूण. मोठ्या आवाजापासून कानांचं रक्षण, नाही. पायात बूट होते का, नाडी बांधली होती का, पुरेसं पाणी प्यायला होता का, सोबतच्या माणसाची साथ सोडली का... गाण्याच्या कार्यक्रमाला जाताना घ्यायची काळजी, असं त्यांचं एक पत्रक आहे. गुळगुळीत कागद, वर हसरी माणसं. ते समोर ठेवून हा मेलेल्या माणसाची परीक्षा घेत होता. आणि मी मधे तोंड उघडलं की एकच पालुपद, "हे बघा, बोर्ड होता."

बोर्ड होता. अहो, मला सांगता? तो बोर्ड आमच्या दादाने रंगवला आणि मी बांधला.

दादा पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, अक्षरं काढणारा. दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तर याला जेवण जायचं नाही, परक्या दुकानदाराशी फुकट भांडायचा. आणि मी त्याचा धाकटा, शिडी धरणारा. शाळेचं आणि माझं चौथीतच फाटलं. डोकं लवकर तापतं म्हणून घरात मला भडक्या म्हणतात, पण दादा म्हणायचा, असा माणूस धंद्यात हवाच. बोर्ड झाला की मला पन्नास पावलं लांब उभं करायचा. "वाच रे भडक्या. तुला वाचता आलं म्हणजे जगाला आलं." मी अडखळलो की पुसून परत. आता एवढं अक्षर सुधारायची काय गरज होती, सांगा मला? जरा किरटं, गिचमिड काढलं असतं तर त्या दिवशी लोक वाचायला थांबले तरी असते...

तर मैदानातल्या कार्यक्रमाचं काम आमच्याकडे आलं. बारा दरवाजे, बारा बोर्ड. पांढऱ्यावर लाल, "बाहेर", आणि खाली दरवाजाकडे बाण. सकाळी बांधून मोकळे झालो. दुपारी व्यवस्थापक आला. गॉगल कपाळावर, डोळे फोनमध्ये, उरलेला माणूस कुठे ठेवून आला होता कोण जाणे. म्हणाला, तीन नंबरचा दरवाजा बंद, पलीकडे गायकाच्या गाड्या लागणार. घातली साखळी, ठोकलं कुलूप. दादा म्हणाला, मग तो बोर्ड उतरवतो. तर म्हणतो कसा, "बोर्ड राहू दे. तपासायला येतात ते बोर्ड मोजतात, दरवाजे कोण मोजतंय?"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य त्याने जांभई देत म्हटलं.

दादा ऐकतोय होय! शिडी लावली, दोन पायऱ्या चढला, तोच पहारेकऱ्याने खाली ओढला. का, तर बोर्ड लावायचा हुकूम आहे, काढायचा नाही. काढायला लेखी लागतं. मग दादा लेखी आणायला फिरला. या तंबूतून त्या तंबूत, हा म्हणतो जेवून ये, तो म्हणतो आधी त्याची सही आण. एकाने तर लेखी द्यायच्या ऐवजी पत्रकच हातात दिलं. पाणी पीत राहा, म्हणे. तेवढ्यात गाणं सुरू झालं आणि कुणालाच काही ऐकू येईना.

तिसऱ्या गाण्याला स्टेजमागचा जनरेटर धाडकन वाजला आणि धूर निघाला. एवढंच. आगबिग काही नाही. पण हजारो माणसं एकदम उठली, आणि डाव्या बाजूची सगळी कुठे वळली असतील? तीन नंबरला, जिथे लाल अक्षरात बाहेर लिहिलंय तिथे.

आम्ही एक नंबरच्या उघड्या दरवाजापाशी होतो. शिडी आमच्या टेम्पोत अर्धी चढवलेली, केसाला धक्का लागला नसता. दादाने तिकडे पाहिलं. म्हणाला, "अरे, माझं अक्षर वाचून चाललेत ते." आणि निघाला. मीही उडी घेतलीच होती, तर मागे वळून म्हणाला, "शिडी सोडू नकोस, कुणाच्या तरी अंगावर पडेल." आणि मी सोडली नाही. जन्मात मी दादाचं एकदाच ऐकलं, तेही नेमकं त्या दिवशी.

लांबून दिसत होता मला. दरवाजाच्या गजावर चढलेला, अंगातला शर्ट काढून बोर्डावर टाकलेला, हातांनी उजवीकडे ढकलल्यासारखं करत होता. मागची माणसं वळली, तुम्हाला सांगतो, शेकड्यांनी वळली. पुढच्यांना वळायला जागाच नव्हती. मग गजावर तो दिसेना.

आणि हा साहेब म्हणतो, "गर्दीच्या उलट दिशेने जाऊ नये, पत्रकात आहे. शिवाय बोर्ड होता." माझा हात टेबलाच्या कडेला गेलाच होता. पण निघताना वहिनीने बजावलं होतं, भावजी, काही तोडूफोडू नका, मला त्यांच्याकडून दुसरं काही नको, फक्त ह्यांना बेफिकीर लिहू देऊ नका. दोन मुलं आहेत, उद्या वाचतील. म्हणून हात मांडीखाली घेतला, त्यावर बसलो.

शेवटचा रकाना राहिला होता. मृत व्यक्ती धोक्याच्या जागी कशामुळे गेली. पुढे चार चौकोन. घाई, नशा, बेफिकिरी, इतर. साहेबाचं पेन तिसऱ्याकडे निघालं. मी कागदावर पंजाच ठेवला. म्हटलं, तो बोर्ड झाकायला गेला होता. जनरेटरपासून सगळं परत सांगितलं. साहेब घड्याळ बघत म्हणाला, "एवढं मावणार नाही. एका शब्दात सांगा."

आता एका शब्दात काय सांगणार? मी म्हटलं, "पेंटर."

"तो धंदा झाला हो, तो वर लिहिलाय. मी कारण विचारतोय."

म्हटलं, "कारणच सांगतोय."

मग साहेबाने माझा पंजा दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि "इतर"वर खूण केली. खाली मी सही केली, सावकाश, अक्षर न् अक्षर लावून... आता घरी वहिनी दारातच उभी असेल. विचारेल, भावजी, बेफिकीर नाही ना लिहिलं? नाही म्हणेन. मग विचारेल, काय लिहिलं? तर सांगायचं, वहिनी, आपला दादा इतर होता.